अंगठा त्याचा, पण सुरी कोणाची?

परवा कॅन्टीनमध्ये पेटची तयारी करणारी दोन मुलं भेटली. सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा घेऊन आली होती. विषय चांगला निवडला होता, साधनांची यादीही लांबलचक. मी एवढंच विचारलं, "यातल्या प्रत्येक साधनावरून नक्की काय सिद्ध होणार आहे?" दोघं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना हसू नका. तीन वर्षांपूर्वी मला हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा माझीही तीच गत झाली होती. ती फजिती शेवटी सांगते. त्याआधी एका खुनाच्या तपासाची गोष्ट ऐका, कारण पुरावा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे संपतो हे मला त्या गोष्टीमुळे जेवढं कळलं, तेवढं संशोधनपद्धतीच्या पेपरमुळेही कळलं नव्हतं.

चहाच्या मळ्यातला खून

साल १८९७, महिना ऑगस्ट. बंगाल प्रांतातला जलपायगुडी जिल्हा, भूतानच्या सरहद्दीलगतचा. तिथल्या एका चहाच्या मळ्याचा मॅनेजर स्वतःच्या बिछान्यात मरून पडलेला सापडला. गळा चिरलेला होता. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी धुंडाळलेली, काहीशे रुपये गायब. खून होताना पाहिलेला एकही माणूस नाही.

पोलिसांनी संशयितांची यादी केली. ती अशी:

मळ्यावरचे मजूर, कारण मॅनेजर फार कडक होता आणि कामाला जुंपायचा असा त्याचा लौकिक होता. स्वयंपाकी, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग मिळाले. एका बाईचे नातेवाईक, कारण तिचे आणि मॅनेजरचे संबंध होते. जवळपास तळ ठोकून गेलेली काबुली लोकांची एक फिरती टोळी. आणि एक जुना नोकर, ज्याला या मॅनेजरनेच चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात धाडलं होतं आणि जो थोड्याच आठवड्यांपूर्वी सुटून बाहेर आला होता.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा, पण या वेळी पोलिसांच्या नाही, इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने. वस्तुरूप पुरावा फक्त एकाविरुद्ध आहे, स्वयंपाक्याविरुद्ध. बाकीच्यांविरुद्ध आहे तो हेतू, किंवा हेतू असेल असा अंदाज. मजुरांना राग असेल, नातेवाइकांना अपमान वाटला असेल, जुन्या नोकराला सूड घ्यायचा असेल. आणि काबुल्यांविरुद्ध तर तेवढंही नाही. ते परके होते, फिरस्ते होते आणि त्या सुमारास तिथे होते, इतकंच. म्हणजे या यादीवरून खुनी कोण हे कळत नाही, पण त्या काळच्या पोलिसांना कोणाचा संशय यायचा हे मात्र छान कळतं. एकाच कागदाला दोन वेगळे प्रश्न विचारता येतात ते असे.

कबुतराचं रक्त

सगळ्यात भक्कम पुरावा स्वयंपाक्याविरुद्ध दिसत होता. मालकाचा गळा चिरलेला आणि याच्या कपड्यांवर रक्त. त्याचं म्हणणं असं की साहेबांच्या जेवणासाठी कबुतर मारलं, त्याचं रक्त उडालं. ऐकायला सोयीस्कर बहाणाच वाटतो, नाही का?

कपड्यांवरचे डाग रासायनिक परीक्षकाकडे गेले. तपासणीने स्वयंपाक्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला. पक्ष्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असतं. माणसाच्या, गाईच्या, कुत्र्याच्या तांबड्या पेशी गोल असतात आणि त्यांत केंद्रक नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक त्या काळीही ओळखता यायचा. स्वयंपाकी सुटला.

मला या प्रसंगात आवडतं ते हे, की तपास करणाऱ्यांनी त्याचं बोलणं खरं मानलं नाही आणि खोटंही मानलं नाही. ते तपासता येईल का, एवढंच बघितलं. आपण कागदांशी असं क्वचित वागतो. एखादी बखर आपल्या मताच्या बाजूने बोलली की ती 'महत्त्वाचं साधन' होते आणि विरोधात बोलली की 'उत्तरकालीन, अविश्वसनीय' होते. कबुतर खरंच होतं का, हे बघायला आपण जातच नाही.

बाकीच्या संशयितांचंही असंच झालं. मजूर, नातेवाईक, काबुली, यांच्याविरुद्ध काही हाती लागलं नाही. राहिला जुना नोकर. त्याचं नाव कांगाली चरण.

पंचांगावरचे दोन डाग

पेटीतल्या कागदांमध्ये एक छापील बंगाली पंचांग होतं, पुस्तकासारखं बांधलेलं. त्याच्या निळ्या-पांढऱ्या वेष्टनावर दोन फिकट तपकिरी डाग दिसले. भिंगातून पाहिल्यावर त्यातला एक डाग म्हणजे कोणाच्या तरी उजव्या हाताच्या बोटाचा अर्धवट ठसा आहे, हे लक्षात आलं.

इथे काळाचा योगायोग बघा. त्याच वर्षी, खुनाच्या जेमतेम दोन महिने आधी, जून १८९७ मध्ये, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठी बोटांच्या ठशांची पद्धत मान्य केली होती. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली कलकत्त्याला शिक्षा झालेल्यांचे ठसे वर्गीकरण करून ठेवले जात होते. नुसते ठसे घेणं काही नवं नव्हतं. विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्येच बंगालमध्ये एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता, आणि फ्रान्सिस गाल्टन यांचं बोटांच्या ठशांवरचं पुस्तक १८९२ मध्ये आलं होतं. खरी अडचण होती ती शोधण्याची. हजारो कार्डांमधून हवं ते एक कार्ड काढायचं कसं? दहा बोटांवरच्या भोवऱ्यांच्या जागेवरून १,०२४ कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कार्ड आपापल्या कप्प्यात ठेवायचं, ही युक्ती त्यासाठीच निघाली. ज्यांनी पुराभिलेखागारात सूची नसलेल्या रुमालांमध्ये एक पत्र शोधलंय, त्यांना या १,०२४ कप्प्यांची किंमत वेगळी सांगायला नको!

पंचांगावरचा ठसा कलकत्त्याला नेऊन ताडून पाहिला. तो कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला. चोरीच्या शिक्षेमुळे त्याचा ठसा दप्तरात आधीपासूनच होता. त्याला दूरच्या बीरभूम जिल्ह्यात पकडलं, कलकत्त्याला आणलं आणि अंगठ्याचा ठसा पुन्हा घेतला. तोही जुळला. रासायनिक परीक्षकाने दाखला दिला की पंचांगावरचे डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत. दरम्यान पोलीस पूरक पुरावा गोळा करत होतेच.

१८९८ मध्ये खटला उभा राहिला. आरोप दोन, खुनाचा आणि चोरीचा.

तुम्ही असेसर असता तर?

त्या काळी जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात न्यायाधीशाबरोबर असेसर बसत. हे तिथलेच लोक. पुरावा ऐकून ते आपलं मत देत, आणि ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. समजा, तुम्ही त्यातले एक आहात. समोर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा आहे आणि सूड घ्यायला कारण असलेला माणूस आहे. काय मत द्याल?

घाई करू नका. एकेक पायरी चढू.

पहिली पायरी: डाग रक्ताचा आहे. हे परीक्षकाने सांगितलं. पण दाखल्यातला शब्द बघा, 'सस्तन प्राण्याचं'. माणसाचं, असं तो म्हणत नाही, कारण तसं म्हणण्याची सोयच नव्हती. माणसाचं रक्त इतर प्राण्यांच्या रक्तापासून खात्रीने वेगळं काढणारी चाचणी पाउल उलेनहुथ या जर्मन शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये शोधली. परीक्षकाला जेवढं दिसलं तेवढंच त्याने लिहिलं. खून झालेल्या घरातलं रक्त आहे म्हणून ते मॅनेजरचंच असणार, हा आपला तर्क आहे. वाजवी आहे, पण तर्कच.

दुसरी पायरी: ठसा कांगाली चरणचा आहे. इथपर्यंत पुरावा पक्का.

तिसरी पायरी: तो त्या रात्री पेटीपाशी होता. इथे जरा सावध व्हा. हा घरातला जुना नोकर आहे. जुन्या नोकराचा ठसा घरातल्या वस्तूवर सापडला तर त्यात नवल काय? नुसता ठसा असता तर या पायरीवर आपण घसरलो असतो. ठशाला वजन आलं ते दोन गोष्टींमुळे. एक, अंगठ्याला रक्त लागलेलं होतं. दोन, मधला काळ तो घरात नव्हता, तुरुंगात होता. म्हणजे पुरावा एकट्या ठशात नाही, ठसा आणि रक्त आणि तुरुंगाची नोंद यांच्या जोडणीत आहे.

चौथी पायरी: पैसे त्याने चोरले. तिजोरीची किल्ली शोधताना पेटीतले कागद चाळले आणि तेव्हा अंगठा पंचांगाला लागला, असं अनुमान निघालं.

पाचवी पायरी: गळा त्याने चिरला. आता सांगा, हे कशावरून? हाताला रक्त लागलंय म्हणजे तो खुनाच्या वेळी किंवा लगेच नंतर तिथे होता. पण बरोबर दुसरा कोणी असेल तर? सुरी एकाने चालवली आणि पेटी दुसऱ्याने उघडली असेल तर? हेन्रींनी स्वतःदेखील हे अनुमान मांडताना 'प्रत्यक्ष खुनी किंवा त्याचा साथीदार' अशीच वाट मोकळी ठेवली आहे.

असेसरांनी चौथ्या पायरीवर पाय थांबवला. खून करताना कोणी पाहिलं नाही, तेव्हा खुनासाठी दोषी ठरवणं धोक्याचं आहे. चोरी मात्र निर्विवाद सिद्ध झाली आहे, असं त्यांनी मत दिलं. कांगाली चरणला चोरीसाठी शिक्षा झाली, खुनासाठी नाही. वरच्या न्यायालयात अपील झालं, तिथेही हाच निकाल कायम राहिला.

पुष्कळांना हा निकाल भित्रेपणाचा वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. इतका लख्ख पुरावा आणि तरी खुनातून सुटला? पण चौथ्या आणि पाचव्या पायरीमध्ये एका माणसाचा गळा आणि दोर एवढं अंतर होतं. हे अंतर पार करायला त्यांच्याकडे पुरावा नव्हता, फक्त दाट शंका होती. आणि हेही लक्षात घ्या की तेव्हा ही पद्धत कोर्टाला अगदी नवी होती. पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात तज्ज्ञाच्या मताचा विषय म्हणून बोटांच्या ठशांचा उल्लेख आला तो १८९९ च्या दुरुस्तीने, म्हणजे या खटल्याच्या नंतर.

हेन्री नावाचा साक्षीदार

आता गोष्ट उलटी फिरवू. हा सगळा तपशील आपल्याला कुठून कळतो? मुख्यतः हेन्रींच्या १९०० साली आलेल्या 'क्लासिफिकेशन अँड यूजेस ऑफ फिंगर प्रिंट्स' या पुस्तकातून. म्हणजे आपला प्रमुख साक्षीदार खुद्द हेन्री. मग त्यांचीही उलटतपासणी नको का?

हेन्रींना ही पद्धत किती कामाची आहे हे जगाला पटवायचं होतं. पटलंही. १९०१ मध्ये ते लंडनला स्कॉटलंड यार्डात वरच्या हुद्द्यावर गेले आणि त्याच वर्षी तिथे ठशांची शाखा सुरू झाली. अशा माणसाने सांगितलेल्या गोष्टीत ठसा हाच नायक असणार, हे ओघानेच आलं. 'पूरक पुरावा गोळा केला' हे तो एका वाक्यात उरकतो. तो पुरावा काय होता, कोणी साक्ष दिली, याला फार जागा नाही. कांगाली चरणचं स्वतःचं म्हणणं तर ऐकूच येत नाही. ज्या बाईच्या नातेवाइकांवर संशय होता, ती बाईही एका उल्लेखापुरती येते आणि जाते.

आणखी एक. ही पद्धत जगभर 'हेन्री पद्धत' म्हणून ओळखली गेली. पण १,०२४ कप्प्यांमागचं गणित बसवण्यात हेन्रींच्या कचेरीतल्या अझिझुल हक यांचा मोठा वाटा होता आणि हेमचंद्र बोस यांनीही त्यात महत्त्वाची भर घातली, हे आज अभ्यासक मान्य करतात. सरकारने या दोघांचा गौरव केला तो फार उशिरा. माणसं ओळखण्याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्यांचीच ओळख त्या शास्त्राच्या नावात राहिली नाही.

मग हेन्रींचं पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही. उलट त्यांच्या हिताविरुद्ध जाणारी गोष्ट ते जेव्हा सांगतात, तेव्हा ती जास्त विश्वासाने घ्यायची. आपल्या लाडक्या पद्धतीने पकडलेला माणूस खुनातून सुटला, हे त्यांनी लपवलेलं नाही. म्हणूनच निकालाचा तपशील मला भरवशाचा वाटतो.

आणि दप्तराचाही विचार करा. कांगाली चरण सापडला, कारण त्याचा ठसा आधीच दप्तरात होता. त्याच्याबरोबर दुसरा कोणी असेल आणि तो कधी तुरुंगात गेलेला नसेल, तर त्याचा ठसा कितीही स्पष्ट उमटला असता तरी जुळवायला काही नव्हतं. दप्तर ज्याला ओळखतं त्यालाच ते पुन्हा पकडतं. आपली पुराभिलेखागारंही अशीच आहेत. ज्यांचा सरकारशी, सावकाराशी, कोर्टाशी संबंध आला, ते कागदावर आले. बाकीचे नव्हतेच, असं समजू नका.

इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांचा १९७९ चा एक प्रसिद्ध निबंध आहे, बारीकसारीक खुणांवरून सत्याचा माग काढण्याच्या रीतीबद्दल. त्यात शेरलॉक होम्स आहे, फ्रॉइड आहे, आणि शेवटाकडे येताना गिन्झबर्ग बंगालमधल्या याच बोटांच्या ठशांपाशी येतात. पेटच्या आधी जमलं तर नक्की वाचा.

निशाणी बांगडी

आता माझी फजिती. माझा विषय एकोणिसाव्या शतकातल्या जमिनीच्या तंट्यांमधल्या बायकांच्या जबान्या. एका फायलीत मला एका विधवेची जबानी मिळाली. नवऱ्याच्या भावाला जमीन द्यायला आपली हरकत नाही, असं तिने सांगितल्याचं त्यात लिहिलं होतं. मी खूश. पेपरमध्ये ठोकून दिलं, 'ती स्पष्टपणे संमती देते.'

जुने कागद पाहिलेल्यांना माहीत असेल, लिहिता न येणारी माणसं सहीऐवजी निशाणी करत. कुणब्याची निशाणी नांगराची, बाईची बांगडीची. आणि शेजारी 'दस्तुर अमक्याचा' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे कागद प्रत्यक्ष कोणी लिहिला ते. माझ्या जबानीखालीही 'निशाणी बांगडी' होती.

गाईडनी 'स्पष्टपणे' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि एवढंच विचारलं, "बांगडी तिची. दस्तुर कोणाचा?"

मी बघितलंच नव्हतं. फाइलचे फोटो पुन्हा उघडले. दस्तुर गावच्या कुलकर्ण्याचा होता. आणि चार पानं पुढे तोच कुलकर्णी दिराच्या बाजूने साक्ष देत होता.

म्हणजे कागद अस्सल होता, निशाणी अस्सल होती. आपल्याकडे 'अस्सल की बनावट' हा वाद इतका तापतो की अस्सल ठरलं की काम संपलं असं वाटतं. पण अस्सल ठरणं ही दुसरी पायरी, ठसा त्याचा आहे हे ठरण्याइतकीच. ती बाई तिथे होती, एवढं बांगडी सांगते. तिने काय ऐकलं, तिला काय वाचून दाखवलं, ती काय बोलली आणि कुलकर्ण्याने काय लिहिलं, हे बांगडी सांगत नाही. मी दुसऱ्या पायरीवरून थेट पाचवीवर उडी मारली होती. आणि त्या उडीत दीडशे वर्षांपूर्वी त्या बाईची जमीन ज्यांनी नेली असेल, त्यांच्या बाजूने मीही एक सही करून मोकळी झाले होते.

आता पेपरमधलं वाक्य असं आहे: 'दिराच्या बाजूच्या कुलकर्ण्याने लिहिलेल्या जबानीत तिची संमती नोंदवलेली आहे.' वाक्य लांबलं आणि त्याची ऐट गेली. पण कोणी विचारलं तर मी या वाक्यामागे उभी राहू शकते.

तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा साधनांच्या यादीसमोर एक मोकळा रकाना ठेवा. प्रत्येक साधनापुढे तीन गोष्टी लिहा: याने काय नक्की कळतं, कोणत्या दुसऱ्या साधनाला जोडल्यावर त्याहून जास्त कळतं, आणि काय अजिबात कळत नाही. तिसरा भाग लिहायला जिवावर येतं, कारण त्यात आपले आवडते निष्कर्ष गळतात. तरी लिहा. मुलाखतीत पॅनेल नेमकं तिथेच बोट ठेवणार आहे.

कॅन्टीनमधल्या त्या दोघांना मी हेच सांगितलं. त्यातली एक काल पुन्हा आली होती. बावीस साधनांपैकी नऊ तिने स्वतःच काट मारून काढली होती, आणि एका साधनापुढे लिहिलं होतं, 'दस्तुर कोणाचा, बघायचं आहे.' सिनॉप्सिस आता कुठे सुरू झालाय, असं मी तिला म्हटलं.